सगळ्यात लहान दिवस आणि आमच्या घरच्या दोन संक्रांती



डिसेंबर संपत आला की दर वर्षी एक प्रश्न फिरायला लागतो. यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? २०२४ ला पंधराला होती, २०२५ ला चौदाला. मग कुणीतरी शाळेत शिकलेलं काढतं, की उत्तरायण तर २२ डिसेंबरलाच सुरू होतं, मग आपण तीन आठवडे उशिरा का जागे होतो? त्यावर दुसरा कुणी म्हणतो, हे विज्ञान आणि ते धर्म, दोन्ही वेगळे ठेवा. आणि विषय तिथेच राहतो.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. बँकेत आयुष्य गेलं. दोन खात्यांत चोवीस दिवसांचा फरक दिसला तर तो 'वेगळा ठेवा' म्हणून सोडून देणं आम्हाला शिकवलेलंच नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हा फरक जुळवायला बसलो. त्यात आपल्या ग्वाल्हेरचा बराच इतिहास हाती लागला, आणि आमच्या घरचाही थोडा. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थंडीचं बोलू. ग्वाल्हेर विषुववृत्ताच्या सव्वीस अंश उत्तरेला. २२ डिसेंबरला इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. म्हणजे दिवस साडेदहा तासांचा. त्याच दिवशी रत्नागिरीला दिवस अकरा तासांहून थोडा मोठाच असतो. आपले पूर्वज कोकणातनं, देशावरनं शिंद्यांच्या फौजेबरोबर वर आले, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला आणि त्या छावणीचंच लष्कर झालं. त्या लोकांनी बरोबर देव आणले, मोडी आणली, पुरणपोळी आणली, पण दिवस मात्र अर्ध्या-पाऊण तासाने आखूड मिळाला. त्यात इथला कोहरा. (धुकं म्हणायला मला अजून जमत नाही. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कोहराच दिसतो.) कोहऱ्याच्या दिवसांत सूर्य सातला उगवला हे पंचांग सांगतं, डोळ्यांना तो दहाला दिसतो. कोकणात ज्या सणाला गारवा म्हणतात त्याच सणाला इथे रजई सुटत नाही.

अशा थंडीत आमच्या वाड्यात धुंधुरमास होई.

नव्या पिढीसाठी सांगतो. सूर्य धनु राशीत जातो ती तारीख साधारण १६ डिसेंबर. तिथपासून मकर संक्रांतीपर्यंतचा महिना तो धनुर्मास, बोलण्यात धुंधुरमास. या महिन्यात लग्नमुंज करत नाहीत. एकच गोष्ट करायची, सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून देवाला नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता जेवायचं. रोज जमलं तर रोज, नाही तर निदान एक दिवस तरी. वर्षातला सगळ्यात लहान दिवस बरोबर या महिन्याच्या पोटात येतो.

आमच्याकडे रविवार ठरलेला. पहाटे चारला काकू उठे. शेगडी पेटवायची, बंब पेटवायचा. नैवेद्याला मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, गूळ, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी, आणि असेल तर गाजर-वाटाण्याची भाजी. बाजरी मोरेना-भिंडकडची. चंबळेच्या पट्ट्यात बाजरी मुबलक, त्यामुळे जे पीक देशावर सोडून आलो असं वाटत होतं ते इथे दारातच होतं. आम्ही मुलं रजईतनं उचलून आणली जात असू, तोंड धुतल्यासारखं करून पाटावर. बाहेर काळाकुट्ट अंधार, पितळी समईचा उजेड, आणि ताटात वाफ. इतक्या पहाटे इतकं पोटभर जेवण मी नंतर आयुष्यात कुठे जेवलो नाही. बाजरी, तीळ, गूळ, लोणी. आज आहारतज्ज्ञ पैसे घेऊन हेच लिहून देतात.

काकू रत्नागिरीकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा थंडीने तिच्या पायाला भेगा पडल्या, त्या शेवटपर्यंत होत्या. तिचं एक म्हणणं असे. "तुमच्या शाळेत काही सांगोत, बावीसपासून दिवस मोठा होतो म्हणे. मी उठते ना चारला. पहाट काही हटत नाही. संक्रांतीपर्यंत सूर्य आळशीच." आम्ही हसत असू. भूगोलाच्या पुस्तकात २२ डिसेंबर छापलेलं होतं आणि काकू चौथी शिकलेली. तिच्या या म्हणण्याकडे पुढे परत येणार आहे.

आता तो चोवीस दिवसांचा हिशेब.

आपली संक्रांत ऋतूवर बांधलेली नाही, ताऱ्यांवर बांधलेली आहे. सूर्य आकाशातल्या ठरावीक ताऱ्यांच्या संदर्भाने मकर राशीत आला की संक्रांत. उलट सगळ्यात लहान दिवस ठरतो तो पृथ्वीच्या कललेल्या आसावरून. हा आस भोवऱ्यासारखा फार हळू डुलतो, एक फेरी पुरी व्हायला जवळपास २६,००० वर्षं. त्यामुळे ऋतूंचं वर्ष आणि ताऱ्यांचं वर्ष यांत दर वर्षी वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटं म्हणजे काही नाही असं वाटतं. पण ज्यांनी चक्रवाढ व्याज लावलंय त्यांना माहीत आहे, 'काही नाही' पुढे काय होतं ते. (हे सरळ व्याज आहे, तरी.) बहात्तर वर्षांत एक दिवस. आजच्या सर्वमान्य पंचांगाच्या हिशेबाने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि सगळ्यात लहान दिवस एकाच तारखेला पडत होते. तेव्हापासून आपण ताऱ्यांबरोबर राहिलो आणि दिवस मागे राहिला.

चौदा-पंधराचा घोळ याहून वेगळा. तो लीप वर्षाचा. वर्ष काही पूर्ण ३६५ दिवसांचं नाही, म्हणून संक्रमणाची वेळ दर वर्षी सहा तास पुढे सरकते आणि चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी येऊन ती मागे ओढतो. संक्रमण रात्री झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी. बस, एवढंच. त्यासाठी भांडायचं कारण नाही.

पण तो हळू सरकणारा हिशेब जुन्या तारखांवर ताडून बघता येतो, आणि इथे आपलं ग्वाल्हेर येतं. दत्ताजी शिंदे दिल्लीच्या उत्तरेला यमुनेच्या बुराडी घाटावर पडले ती तारीख १० जानेवारी १७६०. आपल्या इतिहासांत तो दिवस संक्रांतीचा सांगतात. आजच्या चौदा-पंधरावरनं मागे मोजत गेलात तर १७६० ची संक्रांत १०-११ जानेवारीलाच येते. जुळलं. दुसरी नोंद, स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेही जुळलं. १७६० ला दहा, १८६३ ला बारा, आता चौदा-पंधरा. खतावणी बरोबर आहे.

आता न जुळणारी नोंद. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१. तारीख बघून आपण सगळेच म्हणतो की ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत आली. भाषणांत ऐकलंय, नाटकांत ऐकलंय, दर जानेवारीला मोबाइलवर येतं. पण १७६१ ची संक्रांत दहा तारखेच्या आसपास होऊन गेली होती. आपण आजची चौदा तारीख अडीचशे वर्षं मागे नेऊन चिकटवतो. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, सैन्य उपाशी होतं, आणि संक्रांत चार दिवसांमागे उपाशीपोटीच गेली असणार. मला हे जास्त हलवून जातं. तिळगूळ कुठला, दाणे नव्हते. शिंद्यांच्या घरावरची संक्रांत त्याच्या आदल्या वर्षीची, बुराडीची. दत्ताजी तिथे गेले, पुतणे जनकोजी तिथे जखमी झाले आणि पुढल्या वर्षी पानिपतात तेही गेले. महादजी पायाने अधू होऊन वाचले, राणेखान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून आणलं अशी कथा आहे. त्या एका वाचलेल्या माणसावर पुढे आपलं हे सगळं ग्वाल्हेर उभं राहिलं.

तारीख दुरुस्त केल्याने दुःख कमी होत नाही, पण ज्याचं आहे त्याच्या नावावर तरी जमा होतं.

बरं, ही तफावत आपल्या लोकांना कळलीच नव्हती का? चांगली कळली होती. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसांनी या विषयावर जेवढं डोकं झिजवलंय तेवढं क्वचित कुणी झिजवलं असेल. पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० च्या दशकात नव्या गणितावर पंचांग काढलं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. त्यांनी राशीचक्राची सुरुवात रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून धरली. आणि दुसऱ्या टोकाला उभे होते विसाजी रघुनाथ लेले, आपल्या ग्वाल्हेरचे. किती जणांना हे नाव माहीत आहे? मला स्वतःला साठी उलटल्यावर कळलं, आणि मी जन्मभर याच गावात.

लेल्यांचं म्हणणं सरळ होतं. सण ऋतूंचे आहेत. तेव्हा पंचांग ऋतूंना धरून, म्हणजे सायन असावं. ज्या दिवशी सूर्य खरोखर दक्षिणेकडून वळतो त्याच दिवशी संक्रांत करा. ती येते २२ डिसेंबरच्या सुमारास. ते बोलून थांबले नाहीत. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांना बरोबर घेऊन त्यांनी १८८० च्या दशकात सायन पंचांग छापून काढलं. हेच ते दीक्षित, ज्यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहिला. तो वाचायला युरोपातले विद्वान मराठीशी झटापट करत.

म्हणजे विचार करा, या आपल्या लष्करात एक माणूस होता ज्याच्या पंचांगाप्रमाणे पौषातल्या थंडीत तिळगूळ वाटायचा तो नाताळाच्याही आधी. गणिताने तो चुकलेला नव्हता. तरी ते पंचांग रुजलं नाही. का रुजलं नाही याचं मला सुचलेलं उत्तर असं, की तिळगूळ एकट्याला घेता येत नाही. तुम्ही २२ डिसेंबरला वाटी घेऊन शेजारी गेलात आणि शेजारी म्हणाला 'अहो आज काय?', तर तुमचं गणित कितीही शुद्ध असो, सण झाला नाही. नोट खरी असून चालत नाही, समोरच्याने घ्यावी लागते.

तिसरा पक्ष लोकमान्यांचा. टिळक छत्र्यांचे विद्यार्थी. त्यांनीही रेवतीचाच आरंभ धरला. त्या परंपरेतलं ते टिळक पंचांग. त्याच्या आणि इतर पंचांगांच्या आरंभबिंदूत सुमारे चार अंशांचं अंतर, म्हणजे चार दिवस. त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत दहा जानेवारीला येते. आजही येते. कोकणात अशी घरं आहेत.

आणि काकू त्याच घरांतली.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या दृष्टीने आमचं सगळं घरच चार दिवस उशिरा चालत होतं. आजी म्हणाली, माहेरचं पंचांग माहेरी. काकूने मान डोलावली. पण दहा तारखेला ती गुपचूप पसाभर तीळ भाजून चार लाडू वळायची आणि आम्हा मुलांच्या हातावर ठेवायची. "बोलू नका कुठे." आम्ही कशाला बोलतोय? आम्हाला दोन संक्रांती मिळत होत्या. आजीला हे माहीत होतं अशी माझी खात्री आहे. भाजलेल्या तिळाचा वास वाड्यात लपत नाही.

१९६२ च्या पावसाळ्यात काका गेले. काकू तेव्हा पस्तिशीचीही नव्हती.

चौदा जानेवारीची आमच्या घरची संक्रांत म्हणजे बायकांचा सण. आधी तेराला भोगी, तीळ लावलेली भाकरी आणि वालाच्या शेंगा, वांगी, हरभरा, बोरं, गाजर असं सगळं घातलेली लेकुरवाळी भाजी. संक्रांतीला काळ्या मातीची सुगडं, त्यांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची रांग, घरोघर वाण लुटायचं. पहिल्या वर्षाच्या बाळाला बोरन्हाण. किंक्रांतीला नवीन काम नाही. तेवढ्या दिवसांत लष्करातल्या गल्ल्यांत मराठी बायका एका घरातनं दुसऱ्या घरात जाताना दिसायच्या, शाल डोक्यावरनं घेऊन, आणि परकर-पोलक्यातल्या मुली मागे. परप्रांतात आपली माणसं किती आहेत ते मोजायचा तोच एक मार्ग होता. आजही मी म्हणेन, ग्वाल्हेरात मराठी टिकलं ते शाळांमुळे जेवढं, तेवढंच हळदीकुंकवामुळे.

पण ६३ च्या संक्रांतीला काकू त्या मोजणीत नव्हती. हलवा तिनेच केला होता. हलव्याचं काम पहाटेचं, परातीखाली मंद शेगडी, खसखशीवर थेंबथेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, दिवसचे दिवस. थंडी जितकी कडक तितका काटा चांगला, असं ती म्हणे, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत तिच्या हलव्याला जो काटा यायचा तो तिच्या माहेरीही येत नव्हता. बोटांची टोकं भाजून लाल. तो हलवा बाहेर माजघरात वाटला जाई आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड पाण्याचे पेले भरत बसे. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही. अशीच पद्धत होती, तिच्यासाठी आणि आपल्या प्रत्येक घरातल्या एका तरी बाईसाठी. या आठवणी लिहिताना आपण दागिने, चंद्रकळा, उखाणे सगळं लिहितो आणि दाराआडचं गाळतो. म्हणून लिहितोय.

दहा जानेवारी मात्र तिने सोडली नाही. उलट त्या वर्षीपासून ती दहा तारीख उघडपणे करायला लागली. त्या दिवशी हळदीकुंकू नव्हतं, वाण नव्हतं, पाहुण्या बायका नव्हत्या, म्हणून तिला कुणी आत बस म्हणणारंही नव्हतं. नुसते तीळ, गूळ, आणि आम्ही मुलं. टिळकांनी आरंभबिंदू ठरवताना हे काही मनात धरलं नसणार.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आजी गेल्यावर, माझ्या आईने एका संक्रांतीला भरल्या हळदीकुंकवात काकूला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिच्या ओटीत वाण घातलं. स्टीलची छोटी डबी होती. कुंकू लावलं नाही, नुसतं वाण दिलं. दोन बायका उठून गेल्या. आई म्हणाली, "जाऊ देत, तिळगूळ घरी पाठवीन." पाठवलाही. त्यांतली एक पुढच्या वर्षी आली, दुसरी नाही आली. काकू आईला फक्त एवढंच म्हणाली, "जाऊबाई, आज दहा तारीख नाहीये हो." मस्करी की आणखी काही, ते त्या दोघींनाच ठाऊक.

नोकरीत माझी काही वर्षं उज्जैनला गेली. तिथली वेधशाळा सवाई जयसिंगाची, अठराव्या शतकातली. पडझड झाली होती. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, म्हणून १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा चालू केली, आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. पुन्हा मराठी माणूस, पुन्हा पंचांग. तिथे शंकुयंत्र आहे, गोल चबुतरा आणि मधे उभा शंकू. २२ डिसेंबरला मध्यान्ही त्याची सावली वर्षातली सगळ्यात लांब. मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नाहीत, उज्जैनला तेव्हा घड्याळात सव्वाबारा होऊन गेलेले असतात. एका वर्षी शाखेतनं जेवणाच्या सुट्टीत सायकल काढून मुद्दाम गेलो. शंकूच्या उंचीपेक्षा सावली थोडीशीच जास्त भरते. सावलीचं टोक शेवटच्या रेषेवर येऊन थांबलेलं. ती रेषा मकरेची. म्हणजे आपट्यांच्या चबुतऱ्यावर सूर्य मकरेत गेला होता, आणि बाहेर उज्जैनच्या गल्ल्यांत मुलं गिल्ली-दांडू खेळायला अजून तीन आठवडे होते. माळव्यात संक्रांतीला गिल्ली-दांडूच. पतंग वडोदऱ्याकडे.

तसा सरकारनेही लेल्यांचा विचार एका परीने मान्य केलाय. मेघनाद साहांच्या समितीनंतर १९५७ पासून जे राष्ट्रीय शक पंचांग आलं ते सायन आहे. त्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. बँकेत शक तारखेचा धनादेश चालतो, हे आता काउंटरवरच्या पोरांना सांगावं लागतं. माझ्या साऱ्या नोकरीत असा एकच आला. रोखपालाने तो माझ्याकडे संशयाने आणून दिला. मी वटवला. पण तिळगूळ त्या पंचांगाने कुणीच वाटत नाही, सरकारही नाही.

आता काकूचा आळशी सूर्य.

निवृत्तीनंतर मी दोन हिवाळे रोजचा सूर्योदय-सूर्यास्त वहीत उतरवून काढला. ग्वाल्हेरचा २२ डिसेंबरचा सूर्योदय सात वाजून एक मिनिटाच्या आसपास. १४ जानेवारीचा? सात-सहा. पाच मिनिटं उशिरा! सूर्यास्त मात्र साडेपाचवरनं पावणेसहाच्या पुढे गेलेला. म्हणजे २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो हे खरं, पण तो सगळा संध्याकाळच्या बाजूने वाढतो. पहाट उलट आणखी उशिरा होत जाते, ती थेट संक्रांतीच्या आसपासपर्यंत, आणि तिथनं मग वळते. पृथ्वी त्या दिवसांत सूर्याच्या जवळ असते, जोरात धावते, त्यात आसाचा कल, त्यामुळे खरी मध्यान्ह घड्याळाच्या पुढे पुढे सरकते, असं कारण आहे. त्याच्या पलीकडलं गणित ज्यांना हवं त्यांनी खगोलवाल्यांना विचारावं.

भूगोलाचं पुस्तक खरं होतं, आणि चौथी शिकलेली काकूही खरी होती. पुस्तक पूर्ण दिवस मोजत होतं, ती चुलीपाशी बसून पहाट मोजत होती. आणि धुंधुरमास हा पहाटेचाच विधी. पहाटेचा अंधार सगळ्यात लांबतो तोपर्यंत चालतो, तो मागे हटायला लागतो तेव्हा संपतो. पूर्वजांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. मागच्या सतराशे वर्षांत संक्रांत सरकत आली, आज ती इथे आहे, बहात्तर वर्षांनी आणखी एक दिवस पुढे जाईल. योगायोग म्हणा. पण आपल्या आज्या-काकूंच्या हयातीत तो खरा होता, आणि त्यांना तो घड्याळाशिवाय कळत होता.

आमच्याकडे आता धुंधुरमास वर्षातनं एकदाच होतो, तोही सून हैदराबादहून आली तर. पहाटे चारला नाही, सहाला. नात भाकरीला मोबाइलवरची 'बाजरा रोटी' म्हणते, लोणी विकतचं. मोरेन्याची गजक असते, ती मात्र अस्सल. तीळ-गूळ कुटून कुटून पापुद्रे काढलेली गजक तिळगुळाच्या वाटीत ठेवायची पद्धत आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांनीच काढली असावी, पुण्याच्या पाहुण्यांना तिचं फार आश्चर्य वाटतं. दहा जानेवारीला मी स्वतः चार लाडू वळतो. पाक दर वेळी कडक होतो.

एक विनंती. विसाजी लेले आणि त्यांच्या सोबत्यांनी छापलेलं सायन पंचांग मी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पोथ्यांच्या गाठोड्यांत एखादी प्रत असू शकते. घरं विकली जातायत, गाठोडी रद्दीत जातायत. कुणाकडे असेल तर द्यायला नको, नुसते पौष महिन्याच्या पानाचे फोटो टाका. आणि कोकणातनं आलेल्या ज्या घरांत दहा जानेवारीची संक्रांत चालायची किंवा अजून चालते, त्यांनीही लिहा. ती करणारी बाई कोण होती, तेही लिहा.